लॉटरी आल्यावर लोकांचा जुगार किती वाढला, हे मोजायचं कसं?

नवी लॉटरी निघाली की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. पहिलं, "खेळणारे तसेही खेळतातच, निदान पैसा सरकारच्या तिजोरीत तरी जाईल." दुसरं, "आता घरंदारं बुडणार." महाराष्ट्र राज्य लॉटरी १२ एप्रिल १९६९ ला सुरू झाली, तेव्हा लोकांना मटक्यापासून दूर ठेवणं हा तिचा एक घोषित हेतू होता. मटका त्यानंतर थांबला नाही, सत्तरच्या दशकात तर तो भरात होता. पण मटका लॉटरीमुळे वाढला, की लॉटरी असूनही वाढला, हे आज कुणालाच सांगता येणार नाही, कारण १९६८ साली कुणी घरोघरी जाऊन मोजणी करून ठेवलेली नाही.

ही मोजणी कशी करायची, ते पुढे दिलं आहे. एखादं महाविद्यालय, सामाजिक संस्था किंवा चिकाटीचा पत्रकार ती करू शकतो. चार-पाच ठिकाणी मात्र हमखास पाय घसरतो.

आधी हे पक्कं करा: मोजायचं काय?

बहुतेक जण "व्यसनी किती झाले" हे मोजायला निघतात आणि तिथंच फसतात. व्यसनी माणसं संख्येनं थोडी असतात, दार उघडत नाहीत, उघडलं तर खरं बोलत नाहीत. मोजायचा आहे तो सगळ्या गावाचा खर्च: शून्य रुपयेवाल्या घरापासून आठवड्याला हजार उडवणाऱ्या घरापर्यंत सगळी घरं एका रांगेत. लॉटरी आली की ती सगळी रांगच सरकते का, हा प्रश्न आहे.

याचं सर्वात स्वच्छ उदाहरण ब्रिटनचं आहे. तिथं राष्ट्रीय लॉटरीची पहिली सोडत १९ नोव्हेंबर १९९४ ला झाली. एक पौंडाचं तिकीट, १ ते ४९ मधले सहा आकडे, पहिल्या बक्षिसाची शक्यता १,३९,८३,८१६ मध्ये एक. मार्च १९९५ मध्ये खरवडायची झटपट तिकिटं आली. नशिबानं तिथं दरवर्षी कुटुंबखर्चाची पाहणी होत असे. सुमारे सात हजार घरांत प्रत्येक मोठ्या माणसाकडून दोन आठवड्यांची खर्चाची डायरी लिहून घेत, आणि त्या डायरीत जुगाराचा खर्चही असे. ग्रून आणि मकीग या संशोधकांनी १९९३-९४ आणि १९९५-९६ च्या डायऱ्या शेजारी ठेवल्या. २००० साली छापून आलेले त्यांचे आकडे असे होते:

- जुगारावर काही तरी खर्च करणारी घरं ४० टक्क्यांवरून ७५ टक्क्यांवर गेली.
- घरटी आठवड्याचा सरासरी खर्च १.४५ पौंडांवरून ३.८१ पौंड झाला.
- आठवड्याला २० पौंडांहून जास्त घालवणारी घरं ०.८ वरून ३.२ टक्के झाली.
- उत्पन्नाच्या दहाव्या हिश्शाहून जास्त जुगारात घालणारी घरं ०.४ वरून १.७ टक्के झाली.

सरासरी वाढली २.६ पट, पण टोकाची घरं चौपट किंवा त्याहून थोडी जास्त. सगळी गोम या दोन आकड्यांतल्या फरकात आहे. "चार आण्याची हौस करणारे वाढले, बुडणारे होते तेवढेच राहिले" असं घडलं असतं, तर टोकाचे आकडे जागचे हलले नसते. हाच कल आधी दारूच्या बाबतीत दिसला होता. सगळ्या समाजाचं सरासरी पिणं वाढलं की अतिपिणारेही वाढतात, आणि सरासरीपेक्षा वेगानं वाढतात.

हे गणित हातानं करून बघा

समजण्यासाठी एक काल्पनिक गाव घ्या. खेळणाऱ्या घरांपैकी मधल्या घराचा आठवड्याचा खर्च ६० रुपये आहे. घराघरांतला फरक बेरजेनं नसतो, पटीनं असतो. कुणी निम्मं खेळतो, कुणी तिप्पट. म्हणून रुपयांऐवजी रुपयांचा नैसर्गिक लॉग घ्यायचा, एक्सेलमध्ये 'एलएन'. लॉग घेतल्यावर रांग घंटेच्या आकाराच्या (संख्याशास्त्रातल्या 'नॉर्मल' वितरणाच्या) जवळ येते. त्या लॉगचं प्रमाण विचलन, म्हणजे घरं मध्यापासून किती पसरलीत त्याचं माप, १ आहे असं धरू.

आता ६०० रुपयांहून जास्त खेळणारी घरं किती? ६०० म्हणजे ६० च्या दहापट, १० चा लॉग २.३, आणि घंटेच्या तक्त्यात २.३ च्या पलीकडे उरतात साधारण १.१ टक्के. लॉटरी आली आणि सगळ्यांचाच खर्च दुप्पट झाला, म्हणजे मधलं घर १२० वर गेलं, तर ६०० आता फक्त पाचपट अंतरावर आहे. ५ चा लॉग १.६१, त्यापलीकडे ५.४ टक्के. खर्च दुप्पट, टोकाची घरं पाचपट.

हा आकडा मात्र सगळीकडे चिकटवू नका. प्रमाण विचलन १ ऐवजी १.५ असेल, म्हणजे गावात आधीपासूनच खूप विषमता असेल, तर तीच टोकाची घरं ६.२ टक्क्यांवरून १४.२ टक्क्यांवर जातात, म्हणजे सव्वादोन पटीच्या आसपास. म्हणून प्रमाण विचलन तुमच्या पाहणीतूनच काढायचं, दुसऱ्याचं उसनं घ्यायचं नाही. आणि शून्य खर्चाच्या घरांचा लॉग निघत नाही. काही जण शून्याच्या जागी एक रुपया घालतात, त्यानं सगळं गणित वाकडं होतं. शून्यवाली घरं वेगळी मोजा: "किती टक्के घरं खेळतात" हा एक आकडा, "खेळणाऱ्यांत खर्च कसा पसरलाय" हा दुसरा.

सरकारी पाहणीत शोधत बसू नका

भारतात पहिला विचार येतो राष्ट्रीय नमुना पाहणीचा. तिथं हाती काही लागत नाही. कुटुंबाच्या उपभोग खर्चाच्या व्याख्येतूनच जुगारावरचा आणि लॉटरीच्या तिकिटांवरचा खर्च वगळलेला आहे, घरखरेदी, व्याज, विम्याचे हप्ते आणि दंड यांच्याबरोबर. लाखो घरांच्या खर्चाचा तपशील आहे, पण नेमकी हीच ओळ नाही. त्यामुळे पाहणी आपल्यालाच करावी लागते.

ही पाहणी लॉटरी सुरू व्हायच्या *आधी* करायची. ब्रिटनमध्ये समस्याग्रस्त जुगाराची पहिली देशव्यापी पाहणी १९९९ साली झाली, लॉटरी येऊन पाच वर्षं झाल्यावर. त्या पाहणीत वर्षभरात जुगार खेळलेले ७२ टक्के निघाले, पण शेजारी ठेवायला आधीचा आकडाच नव्हता. खर्चाच्या डायऱ्या नसत्या तर तिथंही आपल्यासारखाच अंधार असता.

आधीची फेरी शक्य तर दोनदा घ्या, सणाच्या महिन्यात एकदा आणि साध्या महिन्यात एकदा. नंतरची फेरी लॉटरी सुरू झाल्यावर किमान बारा महिन्यांनी, त्याच महिन्यांत. पहिल्या दोन-तीन महिन्यांचे आकडे नव्याचे नऊ दिवस असतात. दिवाळीआधीची एक फेरी आणि जूनमधली दुसरी अशी तुलना केलीत तर लॉटरीचा नव्हे, दिवाळीचा परिणाम मोजून याल. बक्षीस न लागता रक्कम पुढे साचत गेली की तिकिटांवर झुंबड उडते. ब्रिटनमध्ये जानेवारी १९९६ मध्ये असं साचून ४.२ कोटी पौंड झाले होते. असा आठवडा पाहणीत आला तर फेकू नका, पण त्यावर खूण करून ठेवा.

दारात काय विचारायचं

"तुम्ही जुगार खेळता का?" हा प्रश्न विचारूच नका. उत्तर "छे!" असतं, आणि ते खोटंही नसतं. तिकीट घेणारा माणूस स्वतःला जुगारी समजत नाही. गोव्यात कॅसिनोत जाणारा पर्यटक असतो, दिवाळीत तीनपत्ती खेळणारा घरचा असतो, आणि लॉटरीवाला नुसता "एखादं तिकीट घेतो". प्रत्येक गोष्ट नावानं विचारा: राज्य लॉटरीचं साप्ताहिक तिकीट, बंपर, परराज्यातलं तिकीट, मोबाइलवरचा पैशांचा खेळ, पत्ते, भिशीतली बोली नसलेली सोडत, रेस. आणि प्रत्येकाला "गेल्या सात दिवसांत किती रुपयांचं?" असं मोजकं विचारा. महिन्याभराचं विचारलं की लोक अंदाजपंचे दोनशे सांगतात.

डायरी ठेवून घेता आली तर उत्तमच. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला वेगळं पान द्या, आणि पान बंद पाकिटात परत घ्या. नवरा-बायकोचं एकच पान ठेवलं तर नवऱ्याचं निम्मं तिकीट नाहीसं होतं. पानावर पाच रकाने पुरेत: तारीख, काय घेतलं, किती रुपयांचं, एकट्यानं की वाटणीत, आणि काही लागलं का. वाटणीचा रकाना गाळू नका. बंपरचं ५०० रुपयांचं तिकीट पाच जणांनी मिळून घेतलं आणि पाचही डायऱ्यांत ५०० लागले, तर गावाचा खर्च कागदावर पाचपट होतो.

केरळसारख्या ठिकाणी आणखी एक प्रश्न लागतो: "सुटं तिकीट, की सेट?" तिथल्या रोजच्या लॉटरीत खालची बक्षिसं शेवटच्या चार आकड्यांवर लागतात. म्हणून काही विक्रेते वेगवेगळ्या मालिकांतली, पण शेवटचे चार आकडे सारखे असलेली तिकिटं गोळा करून गठ्ठ्यानं विकतात. लागलं तर सगळ्यांनाच लागतं, नाही तर एकालाही नाही. ५० रुपयांच्या तिकिटाचे बारा गठ्ठ्यात आले की एका दमात ६०० रुपये गेले. डायरीत "लॉटरी घेतली, एक वेळ" एवढंच लिहिलं असेल तर हे दिसणार नाही.

दोन आठवड्यांच्या डायरीत एक जन्मजात खोट आहे, ती ठाऊक असू द्या. महिन्याला एकच २०० रुपयांचं तिकीट घेणाऱ्या सारख्या शंभर घरांपैकी पन्नासेक घरं डायरीत शून्य दिसतील आणि उरलेली पन्नास दुप्पट खर्चिक. त्यामुळे न खेळणारे फुगतात आणि टोकाचेही फुगतात. दोन्ही फेऱ्यांत डायरी तेवढ्याच दिवसांची असेल तर तुलना बरीचशी टिकते. एका फेरीत सात दिवस आणि दुसरीत तीस दिवस असं केलंत तर सगळं वाया.

लावलेले पैसे आणि गेलेले पैसे

विक्रीच्या आकड्यांवरून लेख लिहिणारे इथं चुकतात. समजा तिकिटांच्या रकमेपैकी निम्मी बक्षिसांत परत येते (ब्रिटनमध्ये सुरुवातीला साधारण अशीच वाटणी होती: पौंडातले ५० पेनी बक्षिसं, २८ सत्कार्यांना, १२ कर, ५ दुकानदाराला, बाकी चालवणाऱ्या कंपनीला). छोटी बक्षिसं लोक परत तिकिटांतच घालतात. खिशातले १०० घातले, ५० परत आले, ते घातले, २५ आले... विक्रेत्याच्या वहीत २०० रुपयांची विक्री, खिशातून गेले १००. म्हणून विक्रीचा आकडा वापरायचाच असेल तर त्यातून बक्षिसांची रक्कम वजा करा. मोठं बक्षीस मात्र गावाच्या सरासरीतून वजा करू नका. एकाला एक कोटी लागले की कागदावर सगळं गाव फायद्यात दिसायला लागतं.

नमुना किती मोठा हवा

उत्साही मंडळी ५०० घरं घेतात आणि टोकाचे आकडे छापतात. ०.४ टक्के म्हणजे ५०० घरांत दोन घरं. आकडा नशिबानं किती वरखाली होऊ शकतो ती मर्यादा काढली तर खरा आकडा जवळपास शून्य ते दीड टक्का यांच्यात कुठंही असू शकतो. १.७ टक्के म्हणजे आठ-नऊ घरं. दोनाची आठ झाली हे नशिबानंही होऊ शकतं. सात हजार घरांत हेच आकडे २८ आणि ११९ होतात, तेव्हा त्यात जीव असतो.

एवढी घरं परवडत नसतील तर टोकाचा आकडा छापू नका. त्याऐवजी सरासरी, खेळणाऱ्या घरांची टक्केवारी आणि रांगेतल्या वरून दहाव्या टक्क्यावरच्या घराचा खर्च, हे तीन आकडे द्या. ५०० घरांत हे तिन्ही तग धरतात. लॉगच्या गणितानं टोकाचा अंदाज बांधता येतो, पण "अंदाज" हा शब्द त्याच्या शेजारीच ठेवा, तळटीपेत नाही.

शेजारचं गाव

आधी आणि नंतर या दोन फेऱ्यांत लॉटरीखेरीज बरंच बदलतं: पाऊस, मजुरी, स्वस्त डेटा. म्हणून लॉटरी नसलेला एक भाग सोबत मोजावाच लागतो. लॉटरी असलेल्या भागातली वाढ, वजा नसलेल्या भागातली वाढ, हा खरा परिणाम. भारतात ही सोय आहे, कारण १९९८ च्या लॉटरी कायद्यानं राज्यांना स्वतःची लॉटरी चालवायची आणि नको असेल तर बाहेरच्या राज्यांची लॉटरी बंद करायची मुभा आहे. केरळातल्या पालक्काडला लॉटरी, पलीकडे तमिळनाडूतल्या कोइमतूरला २००३ पासून बंदी.

पण सीमा गळते. २०२४ ची ओणम बंपर (५०० रुपयांचं तिकीट, पहिलं बक्षीस २५ कोटी) कर्नाटकातल्या माणसाला लागली होती. म्हणून तुलनेचं गाव सीमेला चिकटलेलं घेऊ नका. दोन-तीन तासांच्या बसप्रवासाइतकं आत घ्या, आणि तिथंही "परराज्यातलं तिकीट" हा प्रश्न ठेवा.

जुना जुगार कमी झाला का?

"लोक मटका सोडून लॉटरीकडे वळतील" हा दावा तपासायचा तर एकूण बेरीज बघा. ब्रिटनमध्ये फुटबॉलच्या निकालांवर कूपन भरायचा जुना खेळ लॉटरीनं खरंच जवळजवळ मारला. पण एकूण खर्च वर दिलाय तितका वाढला, म्हणजे वळलेल्यांपेक्षा नव्यानं आलेले कितीतरी जास्त. अमेरिकेत १९८२ ते १९९८ च्या कुटुंबखर्चाच्या आकड्यांवरून मेलिसा किर्नी यांनी दाखवलं की राज्याची लॉटरी आल्यावर पैसा मुख्यतः दुसऱ्या जुगारातून येत नाही, घरखर्चातून येतो. म्हणून पाहणीत किराणा, दूध, शाळेची फी आणि भाडं या चार ओळीही ठेवा. पैसा कुठून निघाला ते तिथं दिसतं.

मटकेवाला लॉटरीकडे का वळत नाही, ते त्याच्या हिशेबात आहे. एकेरी आकड्याला शक्यता दहात एक आणि भाव साधारण नऊपट, जोडीला शंभरात एक आणि साधारण नव्वदपट. म्हणजे शंभरातले नव्वद परत. लॉटरी त्याहून बरंच कमी देते. शिवाय मटक्यात पाच रुपयांचाही आकडा लागतो, उधारी चालते, ओपन आणि क्लोज दोन्ही त्याच दिवशी कळतात. १९९८ च्या कायद्यानं तर एकेरी आकड्यावर बक्षीस द्यायलाच लॉटरीला बंदी आहे. उलट कायदेशीर सोडत बेकायदा जुगाराला आयता, संशयातीत निकाल पुरवते. केरळात लॉटरीच्या पहिल्या बक्षिसाच्या शेवटच्या तीन आकड्यांवर चोरून पैसे लावले जातात, मटका मुळात न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावांवर चालत असे तसंच.

बेकायदा जुगाराबद्दल सरळ विचारलं तर कुणी सांगत नाही. त्यासाठी यादीची युक्ती आहे. चिठ्ठ्या टाकून निम्म्या घरांना चार निरुपद्रवी गोष्टींची यादी द्या (गेल्या महिन्यात सिनेमा पाहिला, हॉटेलात जेवलात, रिचार्ज केलं, बाहेरगावी गेलात) आणि उरलेल्यांना त्याच चार अधिक "आकडा लावला". कोणत्या गोष्टी केल्या हे विचारायचं नाही, फक्त "यातल्या किती?". पहिल्या गटाची सरासरी १.८० आणि दुसऱ्याची २.०५ आली, तर फरक ०.२५, म्हणजे अंदाजे चारातल्या एका घरी आकडा लागतो. मात्र दोन्हीकडे तीनतीनशे घरं असतील तर या २५ टक्क्यांवर साधारण १६ टक्के वरखाली धरावे लागतात. या युक्तीला घरं खूप लागतात, आणि घाईत केली तर ती नुसता खेळ ठरते.

गरीब घरांचा आकडा वाचताना

उत्पन्नानुसार घरांचे पाच समान गट करा आणि प्रत्येक गटाचे आकडे वेगळे काढा. उत्पन्न विचारू नका, मजुरीच्या घरात ते कुणालाच सांगता येत नाही. त्याऐवजी महिन्याचा एकूण खर्च विचारा आणि तोच उत्पन्नाच्या जागी धरा. "दहाव्या हिश्शाहून जास्त" ही रेषा आकडे बघण्याआधी कागदावर लिहून ठेवा, नंतर सोयीची निवडायचा मोह होतो. आणि एक गोष्ट लक्षात असू द्या: महिना ६,००० रुपयांत चालणारं घर रोज २० रुपयांचं तिकीट घेऊनही ही रेषा गाठतं, ६०,००० वालं घर गाठत नाही. त्यामुळे गरीब गटात टक्केवारी जास्त दिसणं हा काही अंशी निव्वळ अंकगणिताचा भाग असतो. रुपयांतला आकडाही शेजारी छापा.

व्यसनाची मोजणी करायचीच असेल तर

जुगाराची समस्या किती तीव्र आहे ते मोजणारी नऊ प्रश्नांची पीजीएसआय ही प्रश्नावली वापरा. प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७, आणि आठपासून वर समस्या धरतात. दोन्ही फेऱ्यांत तीच वापरा. मधेच बदललीत तर मोजपट्टी बदलल्यासारखं होईल. आठवड्याला एक सोडत असलेल्या लॉटरीत गुण फारसे चढत नाहीत. झटपट तिकिटं आणि दिवसात अनेक सोडती असलेल्या खेळांत चढतात, कारण हरल्याबरोबर पुन्हा लावता येतं. म्हणून लॉटरीचा प्रकार वेगळा नोंदवा, सगळ्यांना एकाच शब्दाखाली कोंबू नका.

पाहणीत अडचणीतला माणूस भेटणारच. कुणी दुकान विकलेलं असतं, कुणी बायकोचं मंगळसूत्र गहाण टाकलेलं. पाहणी करणाऱ्यानं तिथं उपदेश करू नये, त्यानं पुढची उत्तरं बिघडतात. १४४१६ या टेलिमानसच्या (सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या) मोफत क्रमांकाची चिठ्ठी *प्रत्येक* घरी द्या, म्हणजे ती कुणाला का दिली हे शेजाऱ्यांना कळत नाही.